पाणी उपसले, पण तळघर वाळले का?
पुरानंतर घर, दुकान आणि गोदाम कोरडे करण्याचे शास्त्र. आणि त्यात कारागिरांना असलेला रोजगार

पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यामुळे महाराष्ट्रभर ठाऊक असलेले इस्लापूर हे किनवट तालुक्यातील गाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. वरच्या बाजूला ईसापूर धरण भरले आणि दरवाजे उघडले की पैनगंगेकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो. त्या दिवशी नदीकाठचा दुकानदार सर्वप्रथम खालचा माल वर उचलतो.

गेल्या काही वर्षांत हा प्रसंग वारंवार येऊ लागला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुका पाण्याखाली गेला. मुखेडमध्ये बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. पुढच्याच महिन्यात लातूर, धाराशिव, बीडसह मराठवाड्याच्या मोठ्या भागाने पूर पाहिला. अशा वेळी चर्चा होते ती पिकांची आणि वाहून गेलेल्या घरांची, आणि ते योग्यच आहे. परंतु जी घरे व दुकाने उभी राहिली त्यांचे नुकसान पाणी ओसरल्यावर थांबत नाही. ओल भिंतीत शिरते, बुरशी धरते, लाकूड फुगते, वायरिंग सडते. हे दुसरे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते. कसे, ते येथे पाहू.

तळघर म्हणजे नेमके काय?

इस्लापूरसारख्या गावात शहरी पद्धतीचे बेसमेंट फारसे आढळत नाही. पण नांदेड, लातूर, किनवटच्या व्यापारी संकुलांत जमिनीखालचे गाळे व गोदामे आहेत. जुन्या वाड्यांत तळघरे, बळदे आणि धान्याची पेवे आहेत. शिवाय रस्त्यांवर थरावर थर चढत गेल्यामुळे अनेक जुनी दुकाने रस्त्यापेक्षा एक-दोन फूट खाली गेली आहेत. पावसाचे पाणी त्यांना तळघरच समजते. पुढे जे सांगितले आहे ते या सर्वांना लागू पडते.

भिंत किती पाणी पिते?

एक साधा हिशेब करू. १० बाय १२ फुटांच्या तळघरात ४ फूट पाणी साचले तर ते सुमारे साडेतेरा हजार लिटर भरते. मिनिटाला २०० लिटर उपसणारा पंप लावला तर सव्वा तासाच्या आत काम उरकते. मालक सुटकेचा श्वास टाकतो आणि फरशी पुसून दुसऱ्या दिवशी माल लावतो. चूक नेमकी येथे होते.

भारतीय मानकानुसार सामान्य प्रतीची वीट आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. तीन किलोच्या विटेने सरासरी ३०० ग्रॅम पाणी प्याले असे धरले, तरी वरील खोलीच्या नऊ इंची भिंतींच्या बुडालेल्या भागातील सुमारे अठराशे विटांत पाचशे लिटरहून अधिक पाणी उरते. ते पंपाने निघत नाही, फडक्याने पुसले जात नाही. त्याला वाफ होऊन हवेतूनच बाहेर जावे लागते. व्यावसायिक पद्धतीने वाळवणे म्हणजे या पाचशे लिटर पाण्याला बाहेर जाण्याची वाट करून देणे.

उतरण्यापूर्वी

पाण्याने भरलेल्या तळघरात घाईने उतरू नये. मीटर व मुख्य स्विच कोरड्या जागी उभे राहून बंद करता येत असेल तरच करावा. नाहीतर महावितरणच्या कर्मचाऱ्याला बोलवावे. गॅस सिलिंडर आत असल्यास वास येतो का ते पाहावे आणि काडी ओढू नये. दगड-मातीची भिंत भिजून फुगली असेल किंवा तिला नवी भेग पडली असेल, तर मिस्त्रीला दाखवून टेकू दिल्याशिवाय आत जाऊ नये.

सर्वांत मोठा धोका डिझेल किंवा पेट्रोलच्या इंजिनाचा. जनरेटर अथवा इंजिनपंप तळघरात किंवा त्याच्या दारात कधीही ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो आणि बाहेरच्याला कळतही नाही. इंजिन उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवून लांब पाइप आत सोडावा. कोळशाची शेगडी पेटवून खोली वाळवण्याचा प्रकारही याच कारणाने जीवघेणा आहे. गॅसची शेगडी तर उलटेच काम करते. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ हवेत सोडतो.

सावकाश उपसा

पूर आलेल्या आठवड्यात तळघराबाहेरची जमीनही पाण्याने गच्च असते. आपल्याकडची काळी माती तर पाणी धरून फुगते आणि सहजासहजी सोडत नाही. बारा फूट लांबीच्या भिंतीबाहेर सहा फूट उंचीपर्यंत पाणी साचले असेल, तर त्या भिंतीवर सहा टनांहून अधिक रेटा येतो. आतले पाणी या रेट्याला तोलून धरत असते. ते एका दमात काढले तर भिंत आत कोसळण्याची किंवा फरशी वर उचलली जाण्याची भीती असते.

म्हणून जाणकार असा नियम पाळतात: पाणी दोन-तीन फूट उतरवावे, भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर आले असेल तर बाहेरची जमीन अजून भरलेली आहे, वाट पाहावी. पाणी खुणेवरच राहिले तर पुन्हा दोन-तीन फूट काढावे. दुकान उघडण्याची घाई असते हे खरे, परंतु दोन दिवसांची विक्री आणि एक भिंत यांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आधी गाळ, मग फवारा

पुराचे पाणी नुसते पाणी नसते. त्यात गटार, शौचालय, मेलेली जनावरे, शेतातील औषधे यांचा अंश असतो. पूरग्रस्त इमारती वाळवण्याच्या कामासाठी अमेरिकेत १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या एस-५०० या मानकात पाण्याचे तीन वर्ग केले आहेत. नदीचा पूर त्यातील तिसऱ्या, म्हणजे सर्वांत घाणेरड्या वर्गात मोडतो. जुलै २००५ मध्ये मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा हा रोग पायाच्या भेगेतूनही शिरतो. गमबूट, रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क घातल्याशिवाय कामगाराला आत पाठवू नये. त्याच्या जिवाची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे. ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

गाळ ओला असतानाच फावड्याने काढावा. वाळला की तो दगडासारखा बसतो. मग भिंती आणि फरशी स्वच्छ पाण्याने वरून खाली धुवाव्यात. आधीच भिजलेली भिंत धुण्याने फार जास्त भिजत नाही, पण घाण मात्र निघते. त्यानंतर १५ लिटरच्या बादलीत सुमारे पाव किलो ब्लीचिंग पावडर कालवून, गाळ बसू देऊन वरचे निवळ पाणी मारावे, दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावे आणि धुऊन टाकावे. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

भिजलेल्या गाद्या, प्लायवुड, पीओपीचे काम ठेवण्यात अर्थ नाही. सिमेंटचा गिलावा ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तेवढा काढून टाकावा, त्यामुळे आतली वीट लवकर वाळते. सागवानी कपाट, पेटी वाचते. मात्र खण काढून, सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. उन्हात टाकले की लाकूड वाकते. ओल्या वस्तूंवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून ही सारी कामे उपसा संपताच हाती घ्यावीत.

दार उघडे की बंद?

बहुतेकांची समजूत अशी की दारे-खिडक्या उघडल्या, पंखे लावले की खोली वाळते. हे नेहमीच खरे नसते. ३० अंश तापमानाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८० टक्के असेल तर त्या हवेत २४ ग्रॅम वाफ आधीच असते आणि ती आणखी जेमतेम ६ ग्रॅम उचलू शकते. तीच हवा ४० टक्के आर्द्रतेची असेल तर १८ ग्रॅम उचलते, म्हणजे तिप्पट. शिवाय तळघर बाहेरपेक्षा थंड असते. दमट हवा आत येऊन गार भिंतीला लागली की तिच्यातील पाणी सुटते आणि भिंत उलट आणखी भिजते.

म्हणून नियम असा: बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तर दारे उघडावीत, दमट असेल तर बंद ठेवावीत. हे अंदाजाने ठरवू नये. आर्द्रतामापक हे घड्याळाएवढे स्वस्त यंत्र आहे. एक आत, एक बाहेर टांगावे. तापमान व आर्द्रता दोन्ही पाहावीत आणि दिवसातून तीन वेळा वहीत लिहावीत.

हवा खेळवायला महागडी यंत्रेच हवीत असे नाही. मराठवाड्यात घरोघरी असलेला कूलर येथे उपयोगी पडतो, पण पाण्याची टाकी रिकामी करून आणि ताट्या काढूनच. पाण्यासह कूलर चालवला तर तो खोलीत ओल भरतो. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नीट असल्याची खात्री करावी आणि तो कोरड्या जागी, फळीवर ठेवावा. एक पंखा वारा भिंतीच्या बाजूने वाहील असा आणि दुसरा हवा बाहेर फेकील असा लावावा.

सतत पाऊस असेल आणि दारे उघडणे शक्य नसेल तर डीह्युमिडिफायर हे यंत्र लागते. ते एअर कंडिशनरच्या तत्त्वावर चालते: दमट हवा गार नळ्यांवरून जाते, पाणी सुटून बादलीत जमते आणि कोरडी हवा परत खोलीत येते. ते चालू असताना खोली बंद ठेवावी लागते, नाहीतर ते साऱ्या गल्लीची हवा वाळवत बसते. बादलीत रोज किती पाणी जमले ते मोजावे. आकडा घटत गेला तर काम पुढे सरकते आहे. खोलीत एसी असेल तर त्याचा ड्राय मोडही काही प्रमाणात हेच काम करतो.

ज्याला यंत्र परवडत नाही त्याच्यासाठी आपल्या हवामानाने सोय केली आहे. मराठवाड्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात परततो आणि नंतर कोरडी हवा सुरू होते. पावसाळ्यात स्वच्छता, गिलावा काढणे आणि बुरशी रोखणे एवढे करावे आणि भिंतीच्या खऱ्या वाळवणीसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने राखून ठेवावेत.

वाळली हे कसे ओळखावे?

भिंत वरून कोरडी दिसते तेव्हा आत ओलीच असते. जाड विटांच्या भिंतीला नुसत्या हवेने वाळण्यास इंचाला सुमारे महिना लागतो, असा ढोबळ नियम आहे. घरगुती परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आतून थेंब धरले किंवा भिंत काळपट दिसली तर थांबावे. लाकडासाठी ओल मोजण्याचे टोकदार यंत्र मिळते. २० टक्क्यांच्या वर ओल असेपर्यंत लाकूड कुजण्याचा धोका असतो.

या काळात ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट, टाइल्स किंवा प्लायवुडचे पॅनेल लावून ओल झाकू नये. आत अडकलेले पाणी क्षार घेऊन बाहेर येते, लोणा धरतो आणि वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघतात. घाई असेल तर चुना मारावा. चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडू शकते. अनेक जण कुबट वासावर लोबान किंवा ऊद जाळतात. सुगंध चांगला आहे, पण वास परत येत असेल तर खोली वाळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माल, वह्या आणि अमानत

भिजलेली मोटार किंवा शिलाई मशीन चालते का म्हणून बटन दाबू नये. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा. मोटार वाइंडिंगवाल्याकडे देऊन, वाळवून, मेगरने तपासून मगच चालू करावी. बुडालेले स्विच, सॉकेट आणि एमसीबी बदलावेत.

हिशेबाच्या वह्या ओल्या असताना पाने सोडवू नयेत, फाटतात. न छापलेला कोरा कागद मध्ये मध्ये घालून पंख्याखाली वाळवाव्यात. फार असतील तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि सवडीने एकेक काढून वाळवता येतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि भिजलेले ग्रंथ वाळवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. भिजलेल्या कागदाबाबत घाई करू नये हा धडा जगाने तेथून घेतला. कुरआन शरीफच्या भिजलेल्या प्रती अशाच अदबीने वाळवाव्यात. ज्या वाचण्याजोग्या राहिल्या नाहीत त्यांच्याविषयी स्थानिक उलेमांना विचारावे.

वह्या जपण्याचे कायदेशीर कारणही आहे. जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो. नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिटही परत करावे लागते; त्याची यादी आपल्या कर सल्लागाराला वेळेत द्यावी. साफसफाईपूर्वी पाण्याच्या खुणेसह फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना ५० हजार व टपरीधारकांना १० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती; अशी मदत पंचनाम्यावरच मिळते. बँकेच्या कर्जासोबत मालाचा विमा निघालेला असेल तर सर्वेक्षक येईपर्यंत माल फेकू नये.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. भिजलेले धान्य, कापड, सिमेंट वाळवून जुन्या भावात खपवण्याचा मोह होतो. कर्ज डोक्यावर असताना तो मोठाच असतो. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पाऊस पडल्याचे सांगितले. त्यावर त्यांनी, लोकांना दिसावा म्हणून तो भाग वर का ठेवला नाहीस, असे विचारले आणि फसवणारा आमच्यापैकी नाही असे बजावले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. पाऊस अल्लाहच्या इच्छेने पडला. विक्रेत्याला दोष पावसाचा लागला नाही, लपवण्याचा लागला. पुराच्या पाण्यात बुडालेले धान्य तर खाण्यास अयोग्यच. ते विकू नये. कापड, भांडी, हार्डवेअर हा माल धुऊन, वेगळा मांडून, भिजलेला आहे असे सांगून कमी भावात विकता येतो. तोटा होईल, पण गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही येईल.

कारागिरांसाठी नवा धंदा

पाश्चात्त्य देशांत पुरानंतर इमारत वाळवणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. एस-५०० मानक तयार करणारी आय.आय.सी.आर.सी. ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली आणि तेथील कामगार प्रशिक्षण घेऊनच या कामात उतरतात. आपल्याकडे मात्र पंपवाला पाणी काढून जातो, रंगारी रंग देऊन जातो आणि मधले काम कोणाचेच नसते.

हे काम करणारे हात आपल्यातच आहेत. पंप दुरुस्त करणारा, वायरमन, मिस्त्री, सुतार, मोटार वाइंडिंगवाला एकत्र आले तर एक पथक तयार होते. मंडप-डेकोरेशनवाल्याकडे मोठे पंखे व जनरेटर असतात आणि पावसाळ्यात लग्नसराई नसल्याने ते पडून असतात. त्याला भागीदार करून घ्यावे. नव्याने घ्यायचे ते आर्द्रतामापक, ओलमापक आणि जमल्यास एक डीह्युमिडिफायर. ही सुरुवात चार जणांच्या भागीदारीत, व्याजाच्या कर्जाशिवाय होऊ शकते.

दर ठरवताना उपसा तासावर, साफसफाई चौरस फुटावर आणि पंखे-यंत्रे दिवसावर लावावीत. ‘सगळे मिळून इतके’ असा मोघम सौदा केला की नंतर भांडण होते, कारण भिंत किती दिवसांत वाळेल हे आधी कोणीच सांगू शकत नाही. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. बुडालेल्या बाजारात तर तिची फारच गरज असते. रोजच्या मोजमापाची वही मालकाला दाखवावी. त्याला पटेल की पैसे कशाचे मोजतो आहे, आणि विमा सर्वेक्षकापुढेही तीच वही कामी येते.

दर वाजवी ठेवणे हीही परीक्षा आहे. पुराच्या आठवड्यात पंपाचे भाडे चौपट करणारे असतातच. जो त्या आठवड्यात नेहमीच्या दराने काम करील आणि एखाद्या विधवेचे किंवा हातावर पोट असणाऱ्याचे घर मोफत उपसून देईल, त्याला वर्षभराचे गवंडीकाम आणि वायरिंगही त्याच मोहल्ल्यातून मिळेल.

पुढील पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दुकानदाराने तीन गोष्टी करून ठेवाव्यात: खालचा फळा जमिनीपासून उंच करावा, विजेचे बोर्ड जुन्या पूररेषेच्या वर न्यावेत आणि पंपवाला, वायरमन व मिस्त्री यांचे फोन नंबर एका कागदावर लिहून गल्ल्यात ठेवावेत. पूर येणे आपल्या हाती नाही. तो गेल्यानंतर भिंतीला वाळायला वेळ देणे आणि गिऱ्हाइकाला खरे सांगणे मात्र आपल्याच हाती आहे.